जागं डोकं, झोपलेलं अंग

"मामा, मी जागा होतो ना. पंखा दिसत होता, खिडकी दिसत होती, पण बोटही हालत नव्हतं. अन् दाराजवळ कोनीतरी उभं होतं."

भाचा अकरावीत आहे. दिवाळीनंतर घाटंजी तालुक्यातल्या ताईच्या गावी गेलो, तर घरात हाच विषय. चार रात्री तो पांघरुणात मोबाइल धरून दोन-अडीचपर्यंत एक जपानी भय-ॲनिमे मालिका बघत होता. पाचव्या पहाटे हे घडलं. ताईचा सगळा राग त्या मालिकेवर. तिच्या सासूबाईंचं निदान वेगळं : "पोट्ट्याले बाहेरचं लागलं. छातीवर बसलं होतं त्याच्या." अंगारा लावून झाला होता, मांत्रिकाकडे न्यायचा बेत ठरत होता.

या अनुभवाला निद्रा-पक्षाघात म्हणतात. नाव भीतीदायक आहे, पण लकव्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि त्यामागची यंत्रणा मला इतकी आवडते की तिच्याबद्दल सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रात्रभर आपली झोप सारखी नसते. साधारण दर दीड तासानं एक टप्पा येतो, त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं वेगानं फिरतात. शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी 1953 मध्ये तो जगापुढे मांडला. सुरुवातीच्या नोंदी ॲसेरिन्स्कीनं स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलावर घेतल्या होत्या. ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात आणि पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो. आता स्वप्नात तुम्ही धावता, पण खाटेवरून उठून का धावत नाही? फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की या टप्प्यात मेंदू जागृतीसारखा काम करतो आणि स्नायू पार ढिले पडतात. मेंदूच्या देठातल्या 'सेतू' नावाच्या भागातली एक छोटी जागा त्यांनी निकामी केली, तेव्हा तीच मांजरं झोपेत उठून हवेतल्या उंदरावर झडप घालू लागली. म्हणजे ब्रेक तिथं आहे.

हा ब्रेक लागतो कसा? सेतूतून निरोप खाली लंबमज्जेकडे, म्हणजे मेंदूच्या देठाच्या तळाकडे जातो. तिथल्या पेशी मज्जारज्जूतल्या चालक चेतापेशींवर, म्हणजे स्नायूंना हलायला सांगणाऱ्या पेशींवर, ग्लायसीन आणि गॅबा ही दोन रसायनं सोडतात. त्यामुळे क्लोराइडचे ऋणभारित आयन चेतापेशीत शिरतात. विश्रांतीत पेशीच्या आत आधीच सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट असतात. ती आणखी ऋण होते आणि संदेश सोडण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही. मेंदू "हात हलव" म्हणत असतो, पण चेतापेशी पेटत नाही. ग्लायसीनच्या ब्रेकची ताकद उलट बाजूनं पाहायची तर कुचल्याच्या बिया आठवा. त्यातलं स्ट्रिक्निन ग्लायसीनची जागा अडवतं, ब्रेक सुटतो आणि माणसाचं अंग धनुष्यासारखं ताठून झटके येतात.

कधी डोकं आधी जागं होतं आणि ब्रेक लागलेलाच राहतो, तोच निद्रा-पक्षाघात. दोन गोष्टी या ब्रेकमधून सुटतात : डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा पडदा. म्हणून भाच्याला खोली दिसली आणि श्वास चालू राहिला. पण बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात, त्यामुळे मनासारखा खोल श्वास घेता येत नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं ते यामुळे. सासूबाईंनी सांगितलेलं लक्षण अगदी खरं होतं.

दाराजवळचा माणूस? भीती हाताळणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, स्वप्नाच्या टप्प्यात फार सक्रिय असतो. जाग आली तरी स्वप्न पुरतं मिटलेलं नसतं, मग अंधारातल्या सदऱ्यालाही चेहरा फुटतो. तो चेहरा कुणाचा, हे आदल्या रात्री काय पाहिलं-ऐकलं त्यावर अवलंबून. भाच्याला दिसलेली लांब केसांची सावली मालिकेतली होती. जपानी भाषेत या अनुभवाला 'कानाशिबारी' म्हणतात, म्हणजे धातूनं जखडणं. 1992 मध्ये तिथल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत माणसांची मुद्दाम झोपमोड करून हा अनुभव घडवूनही दाखवला. झोप मोडली की स्वप्नाचा टप्पा अवेळी, पडल्या पडल्या येतो आणि जागेपण त्यात अडकतं. म्हणून ताईला सांगितलं, मालिकेनं फक्त सावली दिली. अंग जखडलं ते जागरणामुळे.

आपल्याकडे तर जागरण पाचवीलाच पुजलेलं. रानडुकरं तूर-हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून मचाणावर जागल, गव्हाला पाणी द्यायचं तर लाइन रातची. "मचानावर मलेबी दोनदा दाबलं होतं," शेजारचे काका ओट्यावर बसून म्हणाले. 2011 मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या हिशोबात आयुष्यात एकदा तरी हे झालेले लोक सुमारे 8 टक्के निघाले, विद्यार्थ्यांमध्ये 28 टक्के. इतक्या सगळ्यांना भूत धरत असेल, तर मांत्रिकांना एकही रात्र झोपता येणार नाही असं मी सासूबाईंना म्हटलं आणि लगेच वाईट वाटलं, कारण त्यांची काळजी खरी होती. पण मांत्रिकाच्या बाबतीत मी हटलो नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

भाच्याला एवढंच सांगितलं : झोपेची वेळ ठरव, उताणा झोपू नको, पुन्हा झालंच तर श्वास शांत ठेव आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न कर, काही क्षणांत, फार तर दोन-चार मिनिटांत सुटतं. वारंवार होऊ लागलं आणि दिवसाही अनावर झोप यायला लागली, तर मात्र डॉक्टर.

संध्याकाळी त्यानं आजीला मोबाइलवर तो प्रसंग दाखवला. पलंगावर जखडलेली मुलगी, कोपऱ्यात सावली. आजी बराच वेळ बघत राहिल्या.

"तुह्या बापाच्या वक्ताले मले असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "सव्वा महिन्याची बाळंतीण होती मी. पोट्टं रातभर झोपूच देत नव्हतं."