पार्श्वभूमी : 'पुअर' म्हणजे नेमका कोण?

पैसा नसलेला माणूस, नापीक जमीन, खालावलेली प्रकृती, मंद उजेड, सुमार निकाल, सगळ्यांना इंग्रजीत 'पुअर' चालतो. हळहळताना 'बिचारा' म्हणायलाही तोच. पण माणसांचं पोट ज्या अर्थावर अवलंबून होतं, तो ठरला इंग्लंडच्या कायद्यात.

१६०१च्या कायद्याने, म्हणजे 'पुअर लॉ'ने, गरिबांना सांभाळण्याचा भार प्रत्येक पॅरिशवर (चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक वस्तीवर) टाकला आणि त्यासाठी कर बसवला. म्हातारे, अपंग, अनाथ आणि काम नसलेले धडधाकट असे सगळेच त्यात आले. १६९७मध्ये मदत घेणाऱ्यांना, त्यांच्या बायकामुलांनाही, उजव्या खांद्यावर 'पी' अक्षराचं लाल किंवा निळं कापड लावणं सक्तीचं झालं. गरजवंताची ओळख अशी चव्हाट्यावर आणणं क्रूरच होतं.

खरी मेख मात्र १८३४ची. त्या वर्षीच्या, याच कायद्यावरच्या चौकशी अहवालाने गरिबी आणि निष्कांचनता यांत भिंत घातली. पोटापुरतं मिळवायला ज्याला राबावं लागतं तो गरीब. त्याला मदत नाही. पोटापुरतंही ज्याला मिळवता येत नाही तो निष्कांचन. मदत फक्त त्याला. म्हणजे नाव 'पुअर लॉ' आणि त्यातून वगळला कोण, तर पुअरच! धडधाकट माणूस खरोखर निष्कांचन आहे का, हे ओळखण्याची कसोटी वर्कहाउसची, म्हणजे गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या आश्रयगृहाची. तिथले हाल बाहेरच्या सर्वांत हलाखीतल्या मजुरापेक्षा जास्त हवेत, हे तत्त्वच होतं. आत गेल्यावर नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. शोधणाऱ्याला काम मिळतंच, हे त्यात गृहीत होतं. उत्तरेकडच्या गिरणगावांत मंदी आली की शेकडो हात एकदम रिकामे व्हायचे, तिथे हे गृहीतक टिकणारच नव्हतं. तिथे कडवा विरोध झाला आणि देशभर बहुतेकांना घरपोच मदत देणं पुढेही चालूच राहिलं. तरी कलंक राहिला. अशी मदत घेणाऱ्यांवरची मतदानबंदी उठायला १९१८ उजाडलं.

दरम्यान १९०१मध्ये यॉर्क शहराची पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात निघाले. किमान गरजाही भागत नसलेल्यांत तर सर्वांत मोठं कारण नियमित कामावरची तुटपुंजी मजुरी हे होतं. १८३४ने मदतीबाहेर ठेवलेला राबणारा माणूस आता आकड्यांत दिसू लागला. जुना कायदा १९४८मध्ये रद्द झाला. पुढे आजूबाजूच्या राहणीमानाशी तुलना करून गरिबी ठरवण्याचा विचार रुजला. जागतिक मोजणीने मात्र ठरावीक रेषाच धरली : १९९०च्या सुमारास माणशी रोज एक डॉलर, जून २०२५पासून तीन.