‘इंटरनॅशनल’ काढलं म्हणजे लायसन्स झालं का? परमिट आणि तिकडचं लायसन्स यांतला फरक

जळगाव, धुळे, नंदुरबारहून दरवर्षी कितीतरी पोरं जर्मनी, दुबई, कॅनडा, इंग्लंडला जातात. व्हिसा, तिकीट, बॅगेतली चटणी झाली की शेवटच्या आठवड्यात आठवतं ते आरटीओ. तिथून एक पुस्तिका हातात पडते आणि घरी सांगितलं जातं, “इंटरनॅशनल काढी लिन्हं ना, आते काय?” इथेच गफलत होते. ती पुस्तिका म्हणजे लायसन्स नव्हे. तिकडे राहायला गेल्यावर जे लायसन्स घ्यावं लागतं ते वेगळं असतं, ते वेगळं कार्यालय देतं आणि त्याची मुदतही वेगळ्या दिवसापासून मोजली जाते.

आरटीओ देतं ते इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की आपल्या लायसन्सचा सरकारी शिक्क्याचा अनुवाद. कोणाचं लायसन्स, कुठल्या प्रकारची गाडी, हे परदेशातल्या पोलिसाला आणि गाडी भाड्याने देणाऱ्याला वाचता यावं म्हणून ते असतं. भारत १९४९च्या जिनिव्हा वाहतूक कराराचा सदस्य आहे आणि आपलं परमिट त्या कराराखाली निघतं. ते एकटं कधीच चालत नाही. सोबत मूळ लायसन्सचं कार्ड लागतंच. डिजीलॉकरमधलं लायसन्स जळगावच्या चौकात चालतं, फ्रँकफर्टमध्ये नाही.

तिकडचं लायसन्स म्हणजे त्या देशाने, किंवा अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात त्या राज्याने, तुम्हाला स्वतःच्या नियमांनी दिलेला परवाना. त्याच्याही दोन वाटा आहेत आणि त्या दोन्हींना आपल्याकडे सरसकट ‘लायसन्स बदलून घेणं’ म्हणतात. पहिली खरी अदलाबदल: जुनं कार्ड द्या, नवं घ्या, परीक्षा नाही. दुसरी रूपांतराची: जुन्या लायसन्सचा थोडा मान राखून काही टप्पे माफ होतात, पण परीक्षा द्यावीच लागते. पहिली वाट ज्या देशांचे आपसांत करार आहेत त्यांच्यासाठी असते. पुढे ज्या देशांची नावं येतील त्यांतल्या बहुतेक ठिकाणी भारतीय लायसन्सवाल्याच्या वाट्याला दुसरीच येते. शेजारच्या टेबलावरच्या कोरियन किंवा जपानी माणसाला जर्मनीत परीक्षेविना काम उरकताना पाहून ‘मला का नाही’ विचारण्यात अर्थ नाही. त्याचा देश यादीत आहे, आपला नाही.

परमिटचं काम तसं सोपं आहे. सरकारच्या सारथी पोर्टलवर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकून फॉर्म ४-ए भरायचा, फी १००० रुपये, पासपोर्ट आणि फोटो. २०२१च्या जानेवारीत नियम बदलला आणि व्हिसा व वैद्यकीय दाखल्याची अट गेली. मुदत एक वर्ष, किंवा मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. हे वर्ष परमिट निघाल्या तारखेपासून मोजतात, विमानात बसल्यापासून नाही. सप्टेंबरला जायचं आणि मार्चमध्ये ‘एक काम हातावेगळं’ म्हणून काढून ठेवलं, तर सहा महिने घरच्या कपाटातच गेले.

हे परमिट भारतीय लायसन्सवर फक्त भारतातच निघतं. जर्मनीतलं कार्यालय तुम्हाला भारतीय लायसन्सवर परमिट देणार नाही. मुदत संपली तर तिकडच्या भारतीय दूतावासामार्फत अर्ज करायची सोय २०२१पासून आहे. अर्ज इथल्याच आरटीओकडे येतो, फी २००० रुपये आणि पुस्तिका कुरिअरने जाते. इंटरनेटवर तीन-पाच वर्षांचं चकचकीत ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्या जागा आहेत. ते प्लॅस्टिक पैसे वाया घालवतं आणि पोलिसासमोर बनावट कागद म्हणून अंगाशीही येतं.

आता मुख्य मुद्दा. परमिटवर एक वर्ष छापलंय, म्हणजे एक वर्ष गाडी चालवता येते, असा हिशेब लोक करतात. पण त्या देशाला परमिटवरच्या तारखेशी फारसं देणंघेणं नसतं. तो पाहतो की तुम्ही पाहुणे आहात की रहिवासी. पाहुण्यासाठी परमिट आहे. रहिवासी झालात की त्या देशाचं घड्याळ चालू होतं, मग हातात कितीही कोरं परमिट असो.

दुबईत हे सगळ्यात चटकन दिसतं. नातवाच्या बारशाला महिनाभर व्हिजिट व्हिसावर आलेले आजोबा परमिटवर भाड्याची गाडी चालवू शकतात. त्यांचा मुलगा, ज्याचा रेसिडेन्स व्हिसा झालाय, तेच परमिट दाखवून चालवू शकत नाही. त्याला अमिरातीचं लायसन्सच लागतं. भारताचा तिथे थेट अदलाबदलीच्या यादीत समावेश नाही. म्हणून ड्रायव्हिंग स्कूल, थिअरी, रोड टेस्ट ही वाट आली. दुबईने २०२३पासून अनुभवी चालकांना क्लास न करता थेट एकदाच परीक्षा देण्याची संधी सुरू केली. त्या एका संधीत नापास झालात की नेहमीचा क्लासचा रस्ता.

इंग्लंडमध्ये उलट गंमत आहे. तिथे भारतीय लायसन्स इंग्रजीत असतं, त्यामुळे छोटी गाडी चालवायला परमिटची गरजच नाही. रहिवासी झाल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर चालवता येतं. बारा महिने राहायला आल्यापासून, प्रत्येक वेळी विमानतळावर उतरल्यापासून नाही. दिवाळीला भुसावळला जाऊन आल्याने मीटर शून्यावर येत नाही. त्यानंतर प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, थिअरी आणि प्रॅक्टिकल. थिअरीत ५० प्रश्न, ४३ बरोबर हवेत, शिवाय व्हिडिओवर धोका ओळखण्याची ७५ गुणांची परीक्षा, तिथे ४४ लागतात. शहाणपण हे, की प्रोव्हिजनल पहिल्या दोन-तीन महिन्यांतच मागवावं, कारण प्रॅक्टिकलच्या तारखा मिळायला वेळ लागतो. तेराव्या महिन्यात मागवलं, तर नवशिक्यासारखं एल लावून, शेजारी लायसन्सवाला बसवून चालवावं लागतं. आणि ऑटोमॅटिकवर पास झालात तर लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच. कन्नडच्या घाटात गिअर टाकून जीप चढवली असली तरी तिकडे त्याचा उपयोग नाही.

जपान मात्र परमिटवरच अडतो. तिथे १९४९च्या कराराखालचंच परमिट चालतं, आणि आपलं त्यातलंच असल्याने ते मान्य आहे. मर्यादा: देशात आल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष. लोक मध्येच भारतात येऊन नवं परमिट काढून परततात आणि समजतात की वर्ष नव्याने सुरू झालं. तिथल्या रहिवाशाने जपानबाहेर किमान तीन महिने काढले असतील तरच ते नव्याने मोजतात. राहायचं असेल तर रूपांतर करावं लागतं. त्यासाठी लायसन्सचा जपानी अनुवाद आणि लायसन्स मिळाल्यावर भारतात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा लागतो. ऑक्टोबर २०२५पासून लेखी परीक्षा कडक झाली: आधी १० प्रश्न होते, आता ५०, त्यातले ४५ बरोबर हवेत.

जर्मनीत मुदत सहा महिन्यांची, वास्तव्य सुरू झाल्यापासून. एकूण मुक्काम वर्षाच्या आतलाच आहे हे दाखवता आलं तर ती वाढवून मिळू शकते. पुढे चालवायचं तर लायसन्स कार्यालयात अर्ज, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा नऊ तासिकांचा कोर्स, लायसन्सचा अनुवाद, मग थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. थिअरी इंग्रजीत देता येते, मराठी-हिंदीत नाही. भारतीय लायसन्स असल्याचा फायदा काय, तर नव्या माणसाला सक्तीचे असलेले ड्रायव्हिंगचे तास तुम्हाला सक्तीचे नाहीत. पण प्रॅक्टिकल ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच द्यावं लागतं. उजवीकडून चालवायची सवय, सायकलवाल्याला वाट देणं आणि मान वळवून मागे पाहणं एवढ्यासाठी काही तास घेतलेले परवडतात. आरशात पाहिलं आणि मान वळवली नाही, तर परीक्षक ती चूक धरतोच.

अमेरिकेत ‘देशाचा नियम’ असं काही नाहीच. रहिवासी झाल्यावर कॅलिफोर्नियात दहा दिवसांत लायसन्स घ्यायचं, न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांत, टेक्सासमध्ये ९० दिवस चालतं. कॅलिफोर्निया तर स्पष्ट म्हणतं की परमिट हे लायसन्स म्हणून मान्य नाही, ते मूळ कार्डासोबतचा अनुवाद म्हणून ठेवा. कॅनडाच्या ओंटारिओत ६० दिवस. सिंगापुरात १२ महिने आणि नंतर फक्त बेसिक थिअरीची परीक्षा. एवढ्या सगळ्यांत ही सगळ्यात हलकी वाट म्हणावी लागेल.

ओंटारिओचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तिथे इथून नेलेला एक कागद महिने वाचवतो. नवा माणूस लेखी परीक्षा देऊन जी-१ हे शिकाऊ लायसन्स घेतो आणि पुढच्या परीक्षेसाठी साधारण वर्षभर थांबतो. भारतातला अनुभव मोजला तर हे थांबणं वाचतं. दोन वर्षांहून जास्त अनुभव मान्य झाला तर थेट शेवटची, ‘जी’ नावाची परीक्षा देता येते. पण नुसतं कार्ड दाखवून फार तर एक वर्षाचा अनुभव धरतात. त्याहून जास्त हवा असेल तर लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं किंवा वाणिज्य दूतावासाचं पत्र लागतं.

आपल्या कार्डाची खोच इथे आहे. लायसन्स नूतनीकरण झालं, स्मार्ट कार्ड नवं निघालं की त्यावरची सगळ्यात ठळक तारीख त्या कार्डाची असते. पहिल्यांदा लायसन्स कधी मिळालं ती तारीख कोपऱ्यात बारीक असते, आणि जुन्या पुस्तिकेवरून बनलेल्या कार्डावर तीही कधी चुकलेली असते. खिडकीतली बाई ठळक तारीख वाचते आणि १५ वर्षं शिरपूर रोडवर गाडी हाकलेल्या माणसाला नवशिका ठरवते. म्हणून जायच्या आधी सारथीवरून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट काढून घ्या. त्यात पहिली तारीख, वाहनांचे प्रकार आणि प्रत्येक प्रकार कधी जोडला, हे सगळं असतं. परमिटसाठी हजार रुपये आणि दोन फेऱ्या घालणारे लोक या एका कागदाकडे वळत नाहीत, आणि राहायला जाणाऱ्याला उपयोग मात्र याचाच जास्त.

वाहनाचा प्रकारही पाहा. पुष्कळांकडे फक्त मोटरसायकलचं, म्हणजे एमसीडब्ल्यूजीचं लायसन्स असतं, आणि गावात कार-ट्रॅक्टर बिनदिक्कत चालवलेला असतो. परमिटवर जे कार्डावर आहे तेच येतं. एलएमव्ही, म्हणजे कारचं, जोडायचं तर लर्निंग काढून किमान ३० दिवस थांबावं लागतं, म्हणजे तिकिटाच्या आधी दीड-दोन महिने तरी हातात हवेत. आणि तिकडे कारचा अनुभव त्याच तारखेपासून मोजला जातो.

नावाचं दुखणं खानदेशात जुनंच आहे. पासपोर्टवर ‘जयेश अशोक’ हे नाव आणि ‘पाटील’ आडनाव, तर लायसन्सवर ‘पाटील जयेश ए.’. इथे कोणी विचारत नाही, तिकडे दोन वेगळी माणसं धरतात. परमिटवर नाव लायसन्सच्या नोंदीतूनच उतरतं, तेव्हा आधी लायसन्समधलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, मगच परमिट. लायसन्सची मुदतही पाहा: संपण्याआधी वर्षभर नूतनीकरण करता येतं, आणि संपून वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. म्हणजे क्रम असा: एलएमव्ही, नाव, नूतनीकरण, एक्स्ट्रॅक्ट, आणि परमिट सगळ्यात शेवटी, जायच्या महिन्यात. फक्त फिरायला जाणाऱ्या आई-वडिलांना शेवटचं एकच पुरे.

मुदत उलटल्यावर भारतीय लायसन्सवर गाडी चालवली, तर तिकडे ते विनालायसन्स धरलं जातं. दंड परवडला एकवेळ, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग समोरच्याच्या गाडीचा आणि दवाखान्याचा खर्च तुमच्या डोक्यावर येऊ शकतो.

आणि जर्मनीवाल्यांसाठी एक गोष्ट. नवं लायसन्स हातात देताना तिथलं कार्यालय भारतीय कार्ड काढून घेतं. ते द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचा स्वच्छ रंगीत स्कॅन करून ठेवा. पुढे विमा कंपनी भारतातल्या वर्षांची सूट द्यायला तयार झाली, तर एक्स्ट्रॅक्टसोबत दाखवायला तोच उरतो.