मोठा प्रश्न आणि आधीचा प्रश्न

पुरोगामी कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एवढे मोठे प्रश्न पडलेत आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात?" विरोधक हे विचारतातच. मला लागतं ते आपल्याच माणसानं विचारलं की, कारण त्यात दोन गोष्टींची गल्लत झालेली असते. ज्या प्रश्नात सर्वांत जास्त माणसं भरडली जातात, तो मोठा प्रश्न. हाताशी असलेल्या माणसांनिशी आज जिथे हात घातला की मोठा प्रश्न जागचा हलेल, तो आधीचा.

महाड बघा. 1927 साली अस्पृश्य समाजापुढे जमीन, वेठ, शिक्षण, पोटापाण्याची भ्रांत असं सगळंच होतं. त्यापुढे एका तळ्याचं पाणी किरकोळच वाटेल. पण सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं 1923 मध्येच मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं होतं. हक्क कागदावर होता, पाण्याला हात लावायची सोय नव्हती. शिवाय गावात सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे साथ देणारे होते. आणि ओंजळभर पाणी पिणं ही कृती साध्यातल्या साध्या माणसाला जमणारी होती, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

20 मार्चला बाबासाहेबांसोबत महाडच्या परिषदेला आलेले लोक तळ्याचं पाणी प्यायले. त्याच दिवशी, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. ओंजळभर पाण्यानं अख्खी जातव्यवस्था अंगावर धावून आली. डिसेंबरमध्ये महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की, हे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरत नव्हतो. इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचं आहे. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. तळ्याच्या हक्काचा कोर्टातला खटला मात्र 1937 पर्यंत चालला.

जादूटोणाविरोधी कायद्याचंही तसंच. मोठा प्रश्न मनाच्या गुलामीचा. 2013 च्या कायद्यानं हात घातला तो नरबळी, अघोरी प्रथा, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं अशा ठरावीक कृत्यांना. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा त्यानं स्पष्टपणे बाहेर ठेवल्या. काहींना ही माघार वाटली. मला वाटत नाही, कारण साप चावलेल्या माणसाला वेळ नसतो. मात्र यात एक धोका खरा आहे: कार्यकर्त्याला सोपा जाणारा, त्याच्याच वर्गाला भावणारा प्रश्न 'आधीचा' म्हणून खपून जातो. म्हणून निवड करताना ज्यांना मार बसणार आहे ती माणसं बैठकीत हवीत. महाडला ती होती.

आधीचा प्रश्न कायम आधीचा राहत नाही, हे नाशिकला दिसलं. अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला. 1934 मध्ये बाबासाहेबांनी नाशिकचे आपले सहकारी दादासाहेब गायकवाड यांना पत्रातून कळवलं की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात बळ यावं म्हणून होता. ते काम झालं होतं, देऊळ मात्र उघडलं नव्हतं. तरी आता शक्ती राजकारण आणि शिक्षणाकडे वळवा, असं त्यांनी सांगितलं.