नवतपा आणि जलशीतित संगणक

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी माझा पुतण्या वर्षभरापासून एका संगणकासाठी पैसे साठवत आहे. हा संगणक टेबलाच्या एका कोपऱ्यात मावेल इतका आटोपशीर असावा, अगदी बारीक चित्र दाखवणाऱ्या ४के पडद्यावर त्याने खेळ न अडखळता चालवावेत आणि तो आतून पाण्याने थंड व्हावा, अशा त्याच्या तीन अटी आहेत. त्याच्या टिनाच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ४२ अंश सेल्सिअस तापमान असते, याची मी त्याला आठवण करून दिली, तेव्हा त्याने सहज विचारले, “आत पानीच फिरते ना काका, मंग थो तापन कसा?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण विदर्भात वाढलेल्या कोणालाही तो पडेल. माठ पाझरतो आणि पाणी गार होते, संध्याकाळी अंगणात सडा टाकला की जमीन निवते, वाळ्याच्या ताट्या भिजल्या की कूलर गार वारा देऊ लागतो. पाणी आणि गारवा यांचे नाते आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र या तिन्ही ठिकाणी गारवा येतो तो बाष्पीभवनामुळे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. संगणकातले पाणी नळ्यांच्या बंद फेऱ्यात असते. ते वाफ होऊन उडून जात नाही, फक्त एका ठिकाणी थोडे तापते आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन निवते. एक लिटर पाणी १० अंशांनी तापायला अवघी ४२ किलोज्यूल उष्णता पुरते. ४०० वॅट उष्णता सोडणाऱ्या यंत्राच्या हिशेबाने सांगायचे, तर वाफ होणारे एक लिटर पाणी त्याला १०० मिनिटे पुरेल आणि १० अंशांनी तापणारे एक लिटर पाणी पावणेदोन मिनिटांत संपेल.

म्हणून या संगणकातल्या पाण्याकडे हमाल म्हणून पाहावे. चिपवरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत, पोचवायची, एवढेच त्याचे काम आहे. रेडिएटरला ती उष्णता शेवटी खोलीतल्या हवेच्याच स्वाधीन करावी लागते आणि ती किती वेगाने जाईल हे पाणी व हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. खोली ४२ अंशांवर असेल, तर फेऱ्यातले पाणी ४२ च्या खाली कधीच उतरणार नाही. प्रत्यक्षात ते त्याहून १० ते १५ अंश वरच राहील.

मग पाण्याचा हा सारा खटाटोप कशासाठी, तर जागेसाठी. आटोपशीर संगणकाचा पाया म्हणजे मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, संगणकाचे बाकीचे भाग जिच्यावर जोडले जातात ती पाटी. १७० मिलिमीटर लांब आणि तितकीच रुंद अशी ही पाटी २००१ मध्ये व्हीआयए या तैवानी कंपनीने पुढे आणली. तिच्याभोवती बांधलेली पेटी २० लिटरच्या आत बसवता येते, म्हणजे आकारमानाने ती साधारणपणे खाद्यतेलाच्या १५ किलोच्या पत्र्याच्या डब्याएवढी होते. एवढ्याशा जागेत पडद्यावरचे चित्र तयार करणारे, हवेने थंड होणारे ताकदीचे ग्राफिक्स कार्ड आपल्या तीन बोटे जाड पंख्या-पात्यांसह घातले, तर ते स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढू लागते. पाणी इथे उपयोगी पडते, कारण एक लिटर पाणी एका अंशाला जेवढी उष्णता सामावते तेवढी सामावायला सुमारे ३५०० लिटर हवा लागते. ४०० वॅट उष्णता वाहायला मिनिटाला दोन लिटर पाणी फिरवले, तरी एका फेरीत ते जेमतेम तीन अंशांनी तापते. हेच काम हवेकडून करून घ्यायचे आणि तिला १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचे नाही, असे ठरवले, तर सेकंदाला सुमारे ३६ लिटर हवा, म्हणजे दोन मोठ्या गुंडांइतकी हवा, दर सेकंदाला आतून जावी लागते. बोटभर जाडीच्या नळीतून उष्णता पेटीच्या कडेला आणता येते आणि जिथे मोठे पंखे बसतात व मोकळी हवा मिळते तिथे ती सोडता येते. हवेचे काम मात्र त्यामुळे वाचत नाही. ते ३६ लिटर रेडिएटरमधून जावेच लागतात.

आता तापमानाचा हिशेब मांडू. बहुतेक चाचण्या २० ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात, आणि त्यांतले आकडे आपल्याकडे तसेच्या तसे लावणे ही नियोजनातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खोली जितक्या अंशांनी गरम, जवळपास तितक्याच अंशांनी चिपही गरम, हा ठोकताळा धरावा. २२ अंशांच्या खोलीत ६५ अंश दाखवणारी चिप ४२ अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाईल. चिप तापली की तिच्यातून वाया झिरपणारा विद्युतप्रवाहही वाढतो, त्यामुळे खरा आकडा थोडा वरच असतो. या टप्प्याला चिप स्वतःच्या संरक्षणासाठी गती कमी करू लागते. पण मला चिपपेक्षा पाण्याची काळजी जास्त वाटते. पंप, जोड आणि नळ्या यांच्यासाठी साधारणपणे ६० अंशांच्या आसपास मर्यादा सांगितलेली असते आणि पीईटीजी प्लॅस्टिकच्या सुबक कडक नळ्या त्याच सुमारास मऊ पडू लागतात. ४२ च्या खोलीत पाणी ५७ वर गेले, तर हाताशी तीनच अंश उरतात. म्हणून मी पुतण्याला रंगीत पाणी दाखवणाऱ्या पारदर्शक नळ्यांऐवजी ईपीडीएम रबराच्या काळ्या नळ्या घ्यायला सांगितले. त्या दिसायला साध्या असतात, पण उन्हाळा सोसतात.

उष्णता किती निर्माण करायची, हे आपल्याच हाती असते. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात; ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर दर सेकंदाला सुमारे ५० कोटी बिंदूंचा रंग ठरवावा लागतो आणि हा भार जवळजवळ सगळा ग्राफिक्स कार्डावर पडतो. पडद्यावर बिंदू जितके जास्त, तितके प्रोसेसरचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचे, महत्त्व कमी. यासाठीच केवळ प्रोसेसरवर बसणारा तयार जलशीतक घेऊन कार्ड हवेवर सोडणे मला उलटे वाटते. प्रोसेसर म्हणून एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी घेतला, तर त्याची नेमस्त उष्णता १२० वॅट आहे आणि खेळताना तो बहुधा त्याहून पुष्कळ कमी घेतो. याउलट एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड ४५० वॅट आणि आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॅट घेऊ शकते. आमच्या हवामानात, एवढ्या लहान पेटीत, मी या दोन्हींच्या वाटेला जाणार नाही. ३०० वॅटचे आरटीएक्स ५०७० टीआय, १६ गीगाबाइट स्मृतीसह, ही मला शहाणपणाची निवड वाटते. त्याच्यावर संपूर्ण कार्ड झाकणारा तांब्याचा ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरणारा ठोकळा, बसवावा, म्हणजे चिपबरोबर स्मृतीचे तुकडे आणि वीज-नियंत्रक घटकही पाण्याला उष्णता देतील.

कार्ड आणि प्रोसेसर मिळून ४०० वॅटच्या अंदाजाने २४० मिलिमीटरचे दोन रेडिएटर आणि १२० मिलिमीटरचे चार पंखे हवेत. एकाच रेडिएटरवर डिसेंबर निघेल, मे निघणार नाही. आणखी एक गोष्ट सहसा निसटते. प्रोसेसरवरचा नेहमीचा पंखा गेला की त्याच्या आसपासच्या मदरबोर्डला मिळणारा वाराही जातो आणि पाटीच्या पाठीमागे बसलेला एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारा भाग, कोंडून तापतो. पेटीत आतल्या हवेला हालते ठेवणारा एखादा लहान पंखा त्यासाठी राखावा.

मंद गतीने बरीच उष्णता वाचते, हेही इथेच सांगितले पाहिजे. चिपने घेतलेली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि गतीच्या प्रमाणात असते. व्होल्टेज १० टक्के आणि गती ५ टक्के उतरवली, तर ०.९ × ०.९ × ०.९५ हा गुणाकार ०.७७ येतो, म्हणजे जवळपास २३ टक्के वीज कमी लागते. ५ टक्के गती डोळ्याला कळत नाही. याशिवाय चित्र कमी बिंदूंत काढून ते शिकवलेल्या गणिती जाळ्याने मोठे करण्याची डीएलएसएससारखी सोय आहे; तिच्या ‘परफॉर्मन्स’ या सेटिंगमध्ये ४के पडद्यासाठी कार्ड मुळात फुल एचडीचेच चित्र काढते. नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस या दोन्ही गोष्टी वापरल्या, तर यंत्राला आणि खोलीला दोघांनाही आराम पडेल. खोलीचा उल्लेख अशासाठी, की यंत्र घेते ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. खेळ चालू असताना खोलीत आणखी चार-पाच माणसे येऊन बसली आहेत, असे समजावे.

या ठिकाणी आपला कूलर मदतीला येतो. बाहेर ४४ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. घरातला कूलर तिथवर पोचत नाही, पण खोली ३० च्या आसपास आणतो, आणि मग फेऱ्यातले पाणी ४० ते ४५ वर थांबते. जे काम आणखी एक रेडिएटर लावून झाले नसते, ते ताट्यांवरून वाहणाऱ्या पाण्याने होते. कूलर खिडकीत, संगणक झोताच्या बाजूला आणि समोरचे दार उघडे, अशी रचना असावी, कारण हवा बाहेर पडली नाही तर कूलर आणि रेडिएटर दोघेही गुदमरतात. ओलसर हवेने नळ्यांना घाम फुटेल, ही भीती बाळगू नये. बंद फेऱ्यातला प्रत्येक भाग खोलीच्या हवेहून गरमच असतो. फेऱ्यात बर्फ घालण्याची कल्पना मात्र मनातून काढून टाकावी. पावसाळ्यात नळ्यांवर दव जमते ते अशानेच.

पाणी कुठले भरायचे, हा आमच्याकडे विशेष जपण्याचा विषय आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात आमचे गाव येते. बोअरचे पाणी वापरलेल्या कूलरच्या ताट्या जूनमध्ये काढल्या, की त्यांच्यावर चुन्यासारखा पांढरा थर चढलेला असतो आणि बोटाने दाबला तर तो कुरकुरत गळून पडतो. पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले. हे पाणी संगणकात गेले, तर ब्लॉकमधल्या केसाएवढ्या बारीक खाचा बुजतील, गंज चढेल आणि गळती झालीच तर ते वीज वाहून नेईल. डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गंजरोधक व शेवाळरोधक द्रव, किंवा तयार कूलंट, यांशिवाय दुसरे काही भरू नये. तांब्याचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच फेऱ्यात जोडू नये. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना जोडले गेले की लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात अॅल्युमिनियम झिजत जाते. रेडिएटरही तांबे-पितळेचाच घ्यावा.

धुळीचा विचार इथे शहरापेक्षा वेगळा करावा लागतो. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत आमच्या समोरच्या खोलीत भरलेला असतो आणि तुरीच्या काढणीच्या दिवसांत थ्रेशरचे कुटार गावभर उडते. घरातला जुना संगणक मी फेब्रुवारीत उघडला, तेव्हा त्याच्या पात्यांवर राखाडी नमद्यासारखा थर बसलेला होता. चिमटीत धरून ओढला तर तो सलग निघाला, दिव्याची वात वळता यावी इतकी रुई त्यात होती. रेडिएटरच्या पात्या फार दाट असू नयेत, हवा आत घेणाऱ्या बाजूला सहज निघणारी जाळी असावी आणि कापसाच्या हंगामात ती दर आठवड्याला झटकावी.

विजेबाबत थोडक्यात सांगतो. वीजपुरवठा यंत्र एसएफएक्स या लहान आकाराचे, ७५० वॅटचे आणि ५० अंशांना पूर्ण क्षमतेची हमी असलेले घ्यावे, कारण काहींची हमी ४० अंशांपर्यंतच असते. १०० ते २४० व्होल्ट चालणाऱ्या यंत्राला संध्याकाळी दाब १७० वर उतरला तरी अडचण येत नाही, फक्त प्रवाह वाढतो. ५५० वॅटसाठी २३० व्होल्टला २.४ अँपिअर लागतात, तर १७० ला ३.२. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराला अर्थिंग नाही असे समजावे आणि कोळसा-मीठ घालून खड्डा करून घेतल्याशिवाय यंत्र जोडू नये. वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवावा.

जोडणी करताना पंप फेऱ्याच्या सर्वांत उंच जागी येऊ देऊ नये, कारण हवेचे बुडबुडे वर जमतात आणि पंप कोरडा फिरला की खराब होतो. पंख्यांची गती चिपच्या तापमानावर न ठरवता पाण्याच्या तापमानावर ठरवावी. चिप क्षणात तापते व निवते, पाणी सावकाश बदलते, त्यामुळे पंखे उगाच घोंघावत नाहीत. एवढे झाल्यावर मदरबोर्ड आणि कार्ड यांना वीज न देता एकटा पंप २४ तास चालवायचा, प्रत्येक जोडाखाली पांढऱ्या टिपकागदाची घडी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक घडी उजेडात धरून पाहायची. पुतण्याने त्यासाठी दिवाळीची सुटी ठरवली आहे; खोली तेव्हा २५ अंशांवर असेल, आणि त्या दिवशीचे खोलीचे व पाण्याचे तापमान तो वहीत लिहून ठेवणार आहे, म्हणजे मे महिन्यात पाणी कुठवर चढेल याचा अंदाज त्याला तेव्हाच करता येईल.