तुमचं छोटं पिस्तूल: आतलं काम आणि वापर

नवीन पिस्तूल घेणारे बहुतेक जण आधी नेमाबद्दल विचारतात. आमच्या टेबलावर दुरुस्तीला येणारी छोटी पिस्तुलं मात्र नेमापायी येत नाहीत, अडकतात म्हणून येतात. त्यातली निम्मी तक्रार तरी आतलं काम नीट कळलं की घरच्या घरी मिटते. म्हणून हे पत्रक.

चाप ओढला की हॅमर (घोडा) सुटतो आणि फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर आदळते. काही पिस्तुलांत हॅमरऐवजी स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर सरळ पुढे सुटणारी पिन असते, काम तेच. दारू पेटते, वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो आणि पुंगळीला मागे रेटतो. या मागच्या रेट्यावरच पुढचं सगळं चालतं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे जाते, एक्स्ट्रॅक्टरचा नखाएवढा आकडा पुंगळीची कड धरून तिला चेंबरबाहेर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) ओढतो, पुंगळी इजेक्टरच्या टोकावर आपटून स्लाइडच्या खिडकीतून उडते. मग दबलेली रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला पुढे लोटते आणि जाता जाता स्लाइड मॅगझिनमधलं (मुठीत बसणारा काडतुसांचा डबा) वरचं काडतूस चेंबरमध्ये सारते. चाप दाबून धरला तरी दुसरी गोळी सुटत नाही, कारण मधल्या वेळात डिस्कनेक्टरने चापाची जोडणी तोडलेली असते. चाप पुढे सोडल्यावरच ती पुन्हा जुळते.

छोट्या पिस्तुलांत दोन जाती आहेत. ७.६५ मि.मी. किंवा ९ मि.मी. शॉर्टसारख्या सौम्य काडतुसांना स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढं पुरतं, नळी फ्रेमला, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या सांगाड्याला, घट्ट बसवलेली असते. १९३१ चं वॉल्थर पीपीके या जातीचं. गेऑर्ग लुगर यांचं १९०२ चं ९ मि.मी. पॅराबेलम काडतूस त्याहून जोरकस. त्याला तीच रचना वापरायची तर स्लाइड फार जड करावी लागेल. म्हणून जॉन ब्राउनिंग यांनी रूढ केलेली युक्ती वापरतात: नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकून काही मिलिमीटर मागे जातात, तोवर गोळी बाहेर पडून आतला दाब उतरतो, मग नळीचा मागचा भाग खाली झुकतो आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. ग्लॉक १९ असंच चालतं. तुमचं कोणतं, हे ओळखायला पिस्तूल रिकामं करा, स्लाइड मागे अडकवून ठेवा आणि बाजूने पाहा. नळीचं तोंड किंचित वर उचललेलं दिसलं तर हीच झुकणारी जात.

आता लहानपणाची किंमत. स्लाइड आखूड आणि हलकी, तिला मागे जायला जागाही कमी. तरी धक्का तोच सोसायचा, म्हणून स्प्रिंग कडक लागते आणि मोठ्या पिस्तुलापेक्षा लवकर थकते. यातूनच सर्वांत नेहमीची तक्रार येते: पुंगळी खिडकीत उभी अडकणे. दोष पिस्तुलाचा असेलच असं नाही. मनगट ढिलं असलं की स्लाइडबरोबर फ्रेमही मागे जाते, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि पुंगळी बाहेर पडायच्या आत स्लाइड मिटते. तळवा जितका वर बसेल तितका बसवा, मनगट ताठ ठेवा, पण अंगठा स्लाइडला घासू देऊ नका. पकड सुधारूनही अडकत असेल तर मॅगझिनवर खूण करून ठेवा. एकाच मॅगझिनने त्रास दिला तर तिच्या वरच्या कडा (ओठ) वाकल्यात किंवा तिची स्प्रिंग गेली, असं समजा. रिकॉइल स्प्रिंग उत्पादकाने सांगितलेल्या गोळ्यांच्या आकड्याला बदला. किती गोळ्या झाडल्या ते लक्षात राहत नाही, वहीत मांडा.

तेल स्लाइडच्या खाचांवर थेंब-थेंबच. फायरिंग पिनच्या भोकात तेल घालू नका, तिथे काजळी साचून पिन मंदावते.

एक गोष्ट आम्हाला कळकळीने सांगायची आहे. "मॅगझिन काढलंय, रिकामं आहे," असं म्हणून दिलेल्या पिस्तुलाची स्लाइड आम्ही मागे ओढली आणि टेबलावर जिवंत काडतूस घरंगळलं, असं आमच्याकडे घडलं आहे. मॅगझिन काढल्याने चेंबर रिकामं होत नाही. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड मागे ओढा. क्रम उलटा झाला तर निघालेल्या काडतुसाच्या जागी मॅगझिनमधलं नवं काडतूस जाऊन बसतं. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये पाहा आणि करंगळीने चाचपा. साफसफाईला सुटे भाग करण्याआधी चाप ओढावा लागतो अशी बरीच पिस्तुलं आहेत, तिथे ही तपासणी दोनदा करा.

चाप ओढूनही काडतूस फुटलं नाही तर पिस्तूल लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबा, मग रिकामं करा. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला, नुसतं फुस्स झालं, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी सोडली तर नळी फुटते. अशा वेळी पिस्तूल रिकामं करून आमच्याकडे आणा.

दुरुस्तीला येताना सगळी मॅगझिनं आणि गोळ्यांची वही बरोबर आणा. काडतुसं घरी कुलपात ठेवा.