रंगवलेल्या दगडांची पिशवी घेतलीत ना, मग हे पण वाचा

सगळ्यात आधी थँक्यू. बाजारात पहिल्यांदा पाट मांडून बसलो तेव्हा एक आजी थांबून म्हणाल्या, "गो, दगड कसले इकतंस? माझ्या परड्यात ढिगान पडलेत." आजींचं बरोबरच होतं! म्हणून या कागदात आमचे दगड कसे वापरायचे ते आहेच, पण घरच्या घरी कसे करायचे ते पण सगळं लिहिलंय, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पिशवीत 20 दगड आहेत. लाल, पिवळा, निळा, हिरवा अशा चार रंगांच्या जोड्या म्हणजे 8, चित्रांचे 5 (कुर्ली, बांगडा, होडी, माड, पाऊस), चेहऱ्यांचे 3, टिंबांचे 3 आणि एक कोरा. कोरा चुकून राहिलेला नाही, त्याचं पुढे सांगते. दीड ते साडेतीन वर्षांच्या पोरांसाठी आहे हे, आणि मोठं माणूस बाजूला बसलेलं असेल तेव्हाच. वजन सव्वादोन किलोच्या आसपास भरतं त्यामुळे अख्खी पिशवी पोराच्या हातात देऊ नका, चार दगड काढा, बाकीचे वर फळीवर.

सेफ्टीचं आधी. या वयात वस्तू हातात आली की तोंडात जातेच. खेळण्यांच्या तपासणीत 31.7 मिलिमीटर रुंदीची एक नळी वापरतात, तिच्यात अख्खी मावणारी वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलाला द्यायची नाही. आम्ही त्याच्याही वर जाऊन 5 सेंटीमीटरपेक्षा लहान दगड घेतच नाही. म्हणूनच आजीच्या डब्यातले गजगे-सागरगोटे कितीही गोड दिसले तरी या वयाला नकोत, ते बरोब्बर घशात अडकायच्या मापाचे असतात. दुसरी भीती पायाच्या बोटांची. दगड शंभरेक ग्रॅमचा, उभ्याने हातातून सुटला तर लागतो, आणि टाइल्स फुटतात ते वेगळंच. गोधडी पसरा, खाली बसवा. फेकायला लागलं की ओरडू नका, दगड उचलून ठेवा आणि कापडाचा चेंडू द्या, त्याला त्यावेळी फेकायचंच असतं हो.

आयएसआय मार्क का नाही असं बरेच जण विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर तो मार्क सक्तीचा आहे, फक्त केंद्राच्या हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या मालाला सूट आहे. आम्ही त्या नोंदणीवाले. पण सूट आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका, माप आणि रंग स्वतः बघून घ्या.

आता आमच्याकडे रोज येणारा प्रश्न. "एबीसीडीचा सेट नाही का?" आहे, पण चार वर्षांच्या पुढे. चाकरमानी मंडळी गणपतीत आली की हमखास हेच मागतात आणि दोन वर्षांच्या पोरासाठी मागतात. आम्ही नाही म्हणतो, गिऱ्हाईक जातं कधीकधी. कारण असं की पोराने जन्मल्यापासून काय शिकलंय तर वस्तू कशीही फिरवली तरी ती तीच असते, बांगडा उलटा धरला तरी बांगडाच, वाटी पालथी घातली तरी वाटीच. आणि आपण त्याच्या हातात गोल दगडावर इंग्रजीतला लहान बी देतो, तो फिरला की क्यू झाला, डी फिरला की पी झाला! गोंधळ त्याचा नाही, दगडाचा आहे. त्यातल्या त्यात आपलं मराठी अक्षर बरं, डोक्यावर रेघ असते म्हणून वर कुठे ते कळतं, इंग्रजीवाल्या दगडांना आम्ही खालून रेघ मारून देतो.

मग या वयात काय खेळायचं? रंगाच्या जोड्या लावा, पण "हा कुठला कलर?" असं विचारू नका. लाल दगड हातात घेऊन "याचा भाऊ शोध बघू" म्हणा. रंगाचं नाव सांगता यायच्या कितीतरी आधी पोरांना सारखा रंग ओळखता येतो, म्हणजे नाव विचारलंत तर नापास आणि जोडी मागितलीत तर पास, पोर तेच. टिंबांचं पण तसंच. एक ते दहा घडाघडा म्हणणाऱ्या पोराला "मला दोन दगड दे" म्हटलं की ते ओंजळभर उचलून देतं, यात काही बिघडलेलं नाही, आकडे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. म्हणून आम्ही टिंबं तीनपर्यंतच ठेवलीत, तेवढी न मोजता नजरेने कळतात. टिंबावर बोट ठेवत ठेवत म्हणायचं, एका टिंबाला एकच आकडा.

चित्रवाले दगड गोष्टीसाठी. पाटाखाली लपवा, एकेक काढा, होडी निघाली, पाऊस आला, मग? पुढचं पोराला सांगू दे, होडीने माड खाल्ला म्हणालं तरी चालेल. चेहऱ्यांचे तीन म्हणजे हसरा, रडका आणि रुसलेला. आमच्या घरच्या अडीच वर्षांच्या बायने रुसलेला दगड नेऊन पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि थोड्या वेळाने त्याला करवंटीतून पाणी पाजलं. हे आम्ही तिला शिकवलेलं नव्हतं.

आणि कोरा दगड. खळ्यात म्हणजे अंगणात बसवा, तांब्याभर पाणी आणि एक जाडा ब्रश द्या, बस. आपला काळा दगड भिजला की अजून काळा होतो, उन्हात वाळला की परत राखाडी, पोर परत रंगवतं. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ पोरं यातच रमतात, आणि यात आम्हाला एक रुपया मिळत नाही बघा.

घरी करायचे असतील तर दगड निवडण्यातच अर्धं काम. जांभा नको, त्याला भोकं असतात, रंग पितो आणि भुगा पडतो. व्हाळातले, नदीतले काळे गुळगुळीत गोटे बेस्ट. आम्ही दिवाळीनंतर पाणी उतरलं की टोपलीभर आणतो, खाली गोगलगायी किंवा अंडी चिकटलेली असली तर दगड होता तसा ठेवून द्यायचा. किनाऱ्यावरचे घेतलेत तर मिठाचं लक्षात ठेवा. आमचा पहिला लॉट समुद्राचा होता, नुसते धुऊन रंगवले, महिन्याभरात आतलं मीठ वर आलं आणि रंगाचे पापुद्रे सुटले, सगळे परत घेतले. तेव्हापासून चार दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून, मग साबण-ब्रश, मग कडक ऊन.

रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घ्या, पातळ दोन हात, वर पाण्याचंच वॉर्निश दोन हात. पोस्टर कलर ओल्या हाताला लागतो. दाराखिडक्यांचा उरलेला ऑइल पेंट अजिबात नको, विशेषतः जुना डबा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या डब्यात किती आहे कोण सांगणार. आणि बाटलीवर नॉन टॉक्सिक लिहिलंय म्हणजे चाटायला चालतं असं नाही. नेलपॉलिश पण नको.

पावसाळ्यात हे काम काढू नका. हाताला कोरडं लागतं पण आतून चिकट राहतं, एका जुलैत आम्ही पेपरात गुंडाळून ठेवलेले दगड उघडले तर कुर्लीच्या पाठीवर आख्खी बातमी उलटी छापलेली. आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या नाहीतर दसऱ्यानंतर. खेळून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, वाळवा आणि मगच पिशवीत, नाहीतर पिशवीला बुरशी येते.

रंगाचा टवका उडालेला दिसला की तो दगड त्याच दिवशी बाजूला काढा, दातांनी कुरतडलेला असेल तर नक्कीच. पुढच्या बाजाराला घेऊन या, फुकट रंगवून देतो, पावसात मात्र थांबावं लागेल. हरवला तर त्या रंगाचा दुसरा मिळेल, पण आकार तसाच मिळेल असं काही नाही.