खुल्या जागेतील विद्यार्थी-शिल्पे (टाकाऊ व नैसर्गिक साहित्यातील)

शाळा-महाविद्यालयांच्या आवारात, बागेत किंवा नदीकाठी विद्यार्थ्यांनी भंगारातल्या आणि निसर्गात आयत्या मिळणाऱ्या वस्तूंतून उभारलेली शिल्पे. सायकलची चाके, पत्रे, सळया, जुन्या फळ्या यांच्या जोडीला वाळक्या फांद्या, बांबू, दगड, माती, पाने असे साहित्य त्यांत येते. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हे शब्द या कामाला सरसकट लावले जातात. पण यातली कितीतरी शिल्पे टिकण्यासाठी केलेलीच नसतात.

ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी १९६७ साली लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकत असताना एका कुरणात एकाच रेषेत पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घातल्या. गवत दबून पायवाटेसारखी सरळ रेघ उमटली, तिचे छायाचित्र घेतले, आणि ते झाले शिल्प. साहित्यावर खर्च शून्य. याच्या अगदी उलट टोकाला शांतिनिकेतनातले शिल्पकार रामकिंकर बैज यांचे ‘संथाळ कुटुंब’ (१९३८): सिमेंट आणि जांभ्याची खडी वापरून उघड्यावर उभे केलेले, आजही तिथेच असलेले. चंदीगडला नेक चंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि चिनी मातीच्या तुकड्यांतून उभारलेली शिल्पबाग १९७६ साली लोकांसाठी खुली झाली. नेक चंद कोणत्याही कलाशाळेत शिकलेले नव्हते, तरी विद्यार्थ्यांना त्यांचे काम आवर्जून दाखवावे असेच आहे.

या कामात आकार सुचणे तुलनेने सोपे. खरी परीक्षा जोडकामाची. कागदावर डौलदार दिसणारी कमान पहिल्याच वाऱ्यात पिळवटते, कारण तिला तिरका आधार दिलेला नसतो. त्रिकोण आकार सोडत नाही, चौकोन मात्र कलतो, हे इथे हाताला कळते. जमिनीत रोवलेला लाकडी खांब काही काळाने उपटून पाहावा: खालचे टोक बऱ्यापैकी धड असते, मात्र जमिनीलगतचा पट्टा नखाने उकरता येईल इतका मऊ झालेला असतो. खोल मातीत हवा कमी, वर ओल कमी. बुरशीला हवी असलेली हवा आणि ओल नेमकी त्या पट्ट्यात एकत्र मिळते. विलो या लवचीक फांद्यांच्या झाडाच्या ताज्या फांद्या मात्र ओल्या मातीत खोचल्या की मुळे धरतात. त्यांच्या विणलेल्या शिल्पाला पालवी फुटते.

भंगार निवडताना शिक्षकाने स्वतः हजर असायला हवे, यात सवलत नाही. माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्यांवर ‘एचटी’ शिक्का असेल तर त्या उष्णतेने निर्जंतुक केलेल्या असतात. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, त्या बाजूला ठेवाव्यात. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर अनेकदा क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात मुरलेले असतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास निघणारा धूर छातीत गेला तर थंडीतापासारखी कणकण येते.

बांधणीचे साहित्यही शिल्पाइतकेच जगणारे असावे. पानाफांद्यांचे शिल्प विरून जाते, पण त्यातला नायलॉनचा दोरा वर्षानुवर्षे उरतो आणि पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. तिथे सुतळी किंवा काथ्याच हवा. जिवंत झाडाला तार आवळू नये, खिळा ठोकू नये. खोड जाड होत गेले की तार सालीत रुतते. धातू आणि लाकूड जोडायला खिळ्यांऐवजी नट-बोल्ट वापरले, तर शिल्प उतरवताना सुटे भाग पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती जातात.